मी आज येत नाही

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती आणि लोहगाव विमानतळावर मी अश्विनी नावाच्या मुलीशी भांडत होते. नाव तिच्या कोटावरच्या पट्टीवर होतं म्हणून कळलं. वय पंचविशीच्या आतबाहेर, घट्ट अंबाडा, आणि समोरच्या शे-दीडशे वैतागलेल्या माणसांकडे बघायची एक सरावलेली शांत नजर.

"अहो, बोर्डावर नुसतं 'डिलेड' लिहिलंय. किती वाजता सुटणार ते सांगा ना."

"मॅडम, दिल्लीत धुकं आहे. अपडेट आलं की सांगते."

"अंदाजे?"

"अंदाज नाही सांगता येत, मॅडम."

"मग हा बोर्ड कशाला लावलाय? शोभेला?"

पुण्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, याला आमच्याकडे भांडण म्हणत नाहीत. चौकशी म्हणतात. अश्विनीलाही ते माहीत असावं, कारण ती गालातल्या गालात हसली आणि माझ्यामागच्या माणसाकडे वळली.

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये सव्वीस वर्षं काढली. हे नेमकं काय काम, असं लोक विचारतात. एक जण प्रोग्रॅम लिहितो आणि तो कुठे कुठे चुकलाय हे दुसरा जण शोधून काढतो. तो दुसरा म्हणजे टेस्टर. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची, आणि त्याबद्दल ऑफिसने आपल्यालाच शाबासकी द्यायची. पुण्यात वाढलेल्या माणसाला याचं वेगळं ट्रेनिंग लागत नाही. त्या दिवशी मी खराडीतल्या एका कंपनीत टेस्ट मॅनेजर होते आणि सहा आठवड्यांची रजा टाकून कालिम्पोंगच्या पलीकडच्या एका निवासी शाळेत गणित शिकवायला निघाले होते. स्वयंसेवक म्हणून.

हे खूळ कुठून आलं, तर बाबांकडून. बाबा बोर्डिंगात शिकले. तिथे आठवड्यातून दोनदा एक बाई सायकलवरून गणित शिकवायला यायच्या, नुसत्या आवडीने. छप्पन्न साली आमच्या घराने बुद्धधम्म स्वीकारला तेव्हा बाबा दहावीच्या आसपास होते. ते म्हणत, "त्या वर्षी मला दोन गोष्टी मिळाल्या, माझा धम्म आणि बीजगणित." पुढे ते सरकारी नोकरीत चढत गेले, निवृत्त झाले, पण त्या बाईंचं नाव घेताना आपोआप त्यांचे हात जोडले जात. आपणही कधीतरी कुणाच्या तरी गावी जाऊन गणित शिकवावं असं मला पंधरा वर्षं वाटत होतं. वाटण्यापलीकडे काही घडत नव्हतं, एवढंच.

शाळेला थंडीची सुट्टी होती. फक्त दहावीच्या एकोणीस मुली बोर्डाच्या परीक्षेसाठी वसतिगृहात थांबल्या होत्या. त्यांना गणित शिकवणारी आणि वसतिगृहात त्यांच्यासोबत राहणारी बाई एकच, सुनीता राई. तिची मंगळवारी सकाळी दहाला सिलीगुडीत सरकारी शाळेच्या नोकरीसाठी मुलाखत होती. या मुलाखतीची ती चार वर्षं वाट बघत होती. पण शाळेचा नियम कडक होता. मुलींच्या वसतिगृहात एक मोठी बाई असल्याशिवाय सुनीताला डोंगर उतरता यायचा नाही. ती मोठी बाई म्हणजे मी. मी सोमवारी संध्याकाळपर्यंत पोचायचं, जी जीप मला वर आणेल तीच मंगळवारी पहाटे तिला खाली नेईल, असं ठरलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, इतकं महत्त्वाचं होतं तर आदल्याच दिवशी का निघालात? बरोबर आहे. मूळ तिकीट शनिवारचं होतं. आमच्या धंद्यात याला बफर म्हणतात. कामाला पाच दिवस लागणार असतील तर सात सांगायचे, वरचे दोन अडीअडचणीसाठी. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्लॅनमध्ये बफर शोधत आले. नसला तर कागद परत पाठवला. आणि शुक्रवारी माझे बॉस राजीव माझ्या टेबलापाशी आले.

"सुजाता, रिलीज अडकलंय. फक्त दोन दिवस. शनिवारऐवजी सोमवारी जा."

"तिकडे एकीची मुलाखत आहे मंगळवारी."

"सोमवारी पोचतेस ना? मग झालं तर."

मलाही ते पटलं, कारण रिलीज, म्हणजे तयार प्रोग्रॅम क्लायंटच्या हाती देण्याचं काम, माझं होतं आणि माझ्याशिवाय ते होणार नाही असं मला मनापासून वाटत होतं. माझा स्वतःचा बफर मी स्वतःच खाऊन टाकला. रिलीज रविवारी दुपारी झालं. त्यात मी काय केलं हे आता आठवतही नाही.

साडेपाचला अश्विनीने माइकवर सांगितलं की विमान साडेसातच्या आधी सुटणार नाही. मी लगेच लॅपटॉप उघडला. पुणे ते दिल्ली, दिल्लीहून बागडोगरा, तिथून जीपने साडेतीन तास वर. एका तक्त्यात सगळ्या वेळा मांडल्या, नवी वेळ टाकली की पुढच्या आपोआप बदलतील अशी सोय केली, आणि हेडमास्तर तमांगसरांना एसएमएस पाठवला. विमानाला सव्वा तास उशीर. सुधारित पोचण्याची वेळ अमुक. पुढचं अपडेट एका तासाने.

ही आमच्या धंद्याची रीत आहे. क्लायंटला कधी अंधारात ठेवायचं नाही. काम रखडलं तरी चालेल, पण रखडलंय हे दर तासाला कळवायचं आणि प्रत्येक वेळी नवी वेळ द्यायची. तिला ईटीए म्हणतात, पोचण्याची अंदाजे वेळ. नवी वेळ दिली की क्लायंटला बरं वाटतं. आपल्यालाही काहीतरी केल्यासारखं वाटतं. मी नव्या मुलांना हे शिकवायचे तेव्हा टेबलावर बोट आपटून सांगायचे, "वाईट बातमी चालेल, शांतता चालणार नाही."

सात वाजता नवी घोषणा झाली, नऊच्या आधी नाही. मी दुसरा एसएमएस पाठवला.

आता नुसतं बसवेना. आमच्या कंपनीचं नोएडात ऑफिस होतं. तिथे लवकर येणाऱ्या एका सहकाऱ्याला फोन लावला.

"खिडकीबाहेर बघ जरा. समोरची बिल्डिंग दिसते का?"

"बिल्डिंग? खालचं पार्किंग पण दिसत नाहीये."

अर्ध्या तासाने परत फोन केला.

"आता दिसतेय थोडी. चौथ्या मजल्यापर्यंत."

चौथ्या मजल्यापर्यंत! मी आनंदाने तक्त्यात आकडे घातले आणि तिसरा एसएमएस पाठवला की धुकं विरळ होतंय, वेळ भरून निघेल, जवळजवळ मूळ वेळेवर पोचेन. नोएडाच्या एका इमारतीचे चार मजले दिसले म्हणून कालिम्पोंगमधल्या हेडमास्तरांना मी वेळ कळवत होते. त्या वेळी मला यात काहीच गैर दिसलं नाही. उलट, अश्विनीपेक्षा माझ्याकडे जास्त माहिती आहे याची थोडी घमेंडच वाटली. मी तिला जाऊन सांगितलंही.

"दिल्लीत चौथ्या मजल्यापर्यंत दिसतंय."

"हो का, मॅडम? छान."

"मग आता तरी वेळ सांगा."

"अपडेट आलं की सांगते."

डोक्यावरून हवाई दलाचं विमान गडगडत गेलं. पुण्याची धावपट्टी त्यांची आहे, आपण त्यांचे भाडेकरू. तो आवाज थांबेपर्यंत आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. नऊच्या सुमाराला दिल्लीत धुकं पुन्हा दाटलं आणि मला चौथा एसएमएस पाठवावा लागला.

मध्येच राजीवचा फोन आला.

"तू ऑनलाइन दिसतेयस. पोचलीस?"

"अजून लोहगावलाच आहे."

"अगं मग खराडी पंधरा मिनिटांवर आहे! एक चक्कर टाकून जातेस का? एक छोटासाच प्रश्न आहे."

मी नाही म्हणून फोन ठेवला. त्यांनी दुखावल्याचं आवाजात दाखवलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

दहा वाजून वीस मिनिटांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे धापा टाकण्याचा आवाज आणि वाऱ्याची घरघर.

"मैडम, नमस्ते. सुनीता राई बोल रही हूँ."

सुनीताशी मी आधी दोनदा, सरांच्या फोनवरून, बोलले होते. गोड, सावकाश बोलणारी मुलगी. आज तिचा श्वास लागला होता, कारण ती शाळेच्या वरच्या पाण्याच्या टाकीपाशी चढून आली होती. मोबाइलला सिग्नल फक्त तिथे. शाळेपासून वीस मिनिटांची चढण. मी "पुढचं अपडेट एका तासाने" असं लिहिलं होतं ना? तमांगसर, वय वर्षं अठ्ठावन्न, सकाळपासून दर तासाला माझा निरोप वाचायला टाकीपर्यंत चढत होते. चौथ्या खेपेला त्यांचा गुडघा धरला, म्हणून ही आली होती.

तिने जे सांगितलं ते ऐकून मी खुर्चीत खाली सरकले.

माझ्या पहिल्या निरोपानंतर सरांनी जीपवाल्याला थांबायला सांगितलं. दुसऱ्यानंतर सांगितलं, आता अकराला ये. तो घरी गेला. तिसऱ्यानंतर माणूस धाडला, ताबडतोब ये. पण आता आजचं काही खरं नाही असं समजून त्याने एका लग्नाचं वऱ्हाड भरलं होतं आणि तो पलीकडच्या डोंगरावर निघून गेला होता. उद्या दुपारशिवाय परत येणार नव्हता. मुलींनी स्वागताच्या तालमीसाठी तीनदा गणवेश चढवले आणि तीनदा उतरवले. स्वयंपाकीणबाईंनी माझ्यासाठी पहाटेच सुरू केलेला स्वयंपाक दोनदा चुलीवरून उतरवून शेवटी मुलींना वाढला.

"तर आता जीप नाही?" मी विचारलं.

"नाही, मैडम."

"मग तुम्ही उद्या कशा उतरणार?"

खालच्या बाजारातून बाराला दुधाची गाडी सिलीगुडीला जाते. बाजारापर्यंत पाऊण तासाची उतरण. ती आत्ता निघाली तर गाडी मिळेल. रात्री मावशीकडे राहून सकाळी मुलाखतीला जाईल. आणि वसतिगृहाचं म्हणाल तर आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर आज रात्री मुलींपाशी झोपायला तयार होत्या. कालपासूनच तयार होत्या.

"मग अडलंय कुठे?"

"सर नाही म्हणतात. ते म्हणतात, पुण्याच्या मॅडम दर तासाला कळवतायत. इतकं कळवणारं माणूस येणारच. सिस्टरना उगाच कशाला त्रास?" हे सगळं ती हिंदीतच सांगत होती. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मैडम, पक्का बताइए ना. आप आ रही हैं कि नहीं?"

सव्वीस वर्षांच्या सवयीने माझ्या तोंडून उत्तर गेलं, "साठ टक्के शक्यता आहे."

"साठ टक्के मतलब?"

साठ टक्के म्हणजे डोंगर उतरायचा की नाही, हे तिला हवं होतं. "दहा मिनिटांत सांगते," म्हणून मी फोन ठेवला आणि थेट अश्विनीकडे गेले. यावेळी चौकशी करायला नाही. माझा आवाज जरा घाबरलेला असावा, कारण तिने हातातला वॉकीटॉकी बाजूला ठेवला. मी सगळं सांगितलं. खराडीतलं ऑफिस, चार निरोप, जीप, वऱ्हाड, सुनीता, दुधाची गाडी.

"मॅडम, किती वाजता सुटेल ते मला आत्ताही नाही माहीत," ती म्हणाली. "कदाचित अकराला बोर्डिंग सुरू होईल. कदाचित दोन वाजतील. दिल्लीतलं पुढचं विमान थांबलं तर तुम्ही जाल. नाही थांबलं तर दिल्लीत राहाल. बागडोगराला अंधार पडल्यावर उतरत नाहीत."

"तेच तर. शक्यता आहे."

ती थोडी पुढे झुकली आणि तिची काउंटरवरची भाषा गळून पडली. "तुमचं ऑफिस खराडीत ना? मी खराडीचीच. तुमची ती काचेची बिल्डिंग हाय ना, तिथं आमचा ऊस होता. तवा लाइट सारखी जायची. बाबा वायरमनला विचारायचे, कवा येणार? तो म्हणायचा, येईल की तासाभरात. मग बाबा मोटरीपाशी बसून राहायचे. परत विचारलं की परत तासाभरात. सगळा दिवस असाच जायचा. ना पाणी सुटायचं, ना दुसरं काम व्हायचं. आज्जी वायरमनच्या नावानं बोटं मोडायची. म्हणायची, आज येत नाय म्हण की मेल्या, म्हंजी माणूस बाजारला तरी जाईल."

तिने माझ्यामागच्या रांगेकडे एक नजर टाकली.

"म्हणून मी वेळ सांगत नाही, मॅडम. तुम्ही सकाळपासून चिडलाय माझ्यावर, माहितीय मला. पण वेळ सांगितली की लोक तिच्या भरवशावर गाड्या बोलावतात, न्यायला माणसं पाठवतात. काय होणार नाही ते पक्कं असलं की मी लगेच सांगते. बाकी गप्प बसते. शिव्या खाते."

आमच्या धंद्यात "होणार नाही" हे वाक्यच नाही. आम्ही "सुधारित तारीख" म्हणतो. "काही आव्हानं आहेत" म्हणतो. कुणी मीटिंगमध्ये सरळ "होणार नाही" म्हणालं तर टेबलाभोवतीचे सगळे त्याच्याकडे असं बघतात की जणू त्याने चपला घालून देवघरात पाय ठेवला. आणि मला तर जायचं होतं. मनापासून जायचं होतं. पंधरा वर्षं घोळवलेली गोष्ट, तिथे पोचण्याआधीच "येत नाही" कसं लिहायचं? शिवाय शक्यता होती. साठ टक्के म्हणजे काही थोडी नाही.

पण जीप नव्हती. मी बागडोगराला वेळेवर उतरले असते तरी वर कशी जाणार होते, हा प्रश्न माझ्या सुंदर तक्त्यात नव्हताच. टेस्टरला हे दिसायला हवं होतं. दुसऱ्याच्या तक्त्यात असतं तर पहिल्या मिनिटाला दिसलं असतं.

मी फोन लावला. सुनीता टाकीपाशीच उभी होती.

"मी आज येत नाही," मी म्हणाले. "सरांना सांगा, सिस्टरना बोलवा, आणि तुम्ही आत्ताच्या आत्ता निघा. माझी वाट बघू नका."

"पक्का?"

"पक्का."

"ठीक है, मैडम," ती म्हणाली, आणि फोन बंद होण्याआधी मला दगडांवरून धावणाऱ्या पावलांचा आवाज आला. सरांनी फोनवरच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही तर, म्हणून तेच वाक्य तिच्या फोनवर एसएमएसनेही पाठवलं. दिवसभरातला माझा सगळ्यात छोटा निरोप.

दोन मिनिटं झाली असतील नसतील, आणि माइक खरखरला. "दिल्लीला जाणाऱ्या प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावं. बोर्डिंग सुरू होत आहे."

माझा हात फोनकडे गेला. अंगठा बटणावर होता. "आधीचा निरोप रद्द समजावा, नवी वेळ..." एवढं मनात लिहूनसुद्धा झालं होतं. गेटपाशी तिकिटं फाडत उभ्या असलेल्या अश्विनीने ते बरोबर हेरलं.

"मॅडम, फोन पर्समध्ये ठेवा."

"अगं, पण आता खरंच सुटतंय."

"सुटू दे. तो फोन ठेवा आधी."

मी ठेवला. वयाने अर्ध्या असलेल्या मुलीने दटावल्यावर मी निमूटपणे ऐकलं, हे माझ्या टीममधल्या कुणाला खरं वाटलं नसतं.

पुढचं सगळं इतकं सुरळीत झालं की राग यावा. दिल्लीला उतरलो तर बागडोगराचं विमान धुक्यापायी अजून तिथेच उभं. मी धावत जाऊन चढले. पावणेपाचला बागडोगराला उतरले तेव्हा सूर्य अजून मावळायचा होता. साठ टक्के बरोबर निघाले होते. माझा अंदाज खरा ठरला होता आणि मला न्यायला तिथे कुणीही नव्हतं, कारण मी येत नाही असं मीच सांगितलं होतं. मी ट्रॉलीवर बॅग टाकून टॅक्सीवाल्यांकडे गेले.

"वर? या वेळेला?" पहिला म्हणाला. दुसऱ्याने मान हलवली. तिसऱ्याने हसून हिंदीत सांगितलं, "दीदी, तीन वाजल्यानंतर तिकडे कुणी नाही जात. रस्त्यावर ढग उतरतात, पुढचं वळण दिसत नाही. सकाळी चला."

मी टॅक्सीने जवळच्याच सिलीगुडीला गेले आणि सुनीताला फोन लावला. दुधाची गाडी चुकली असेल तर? तिने पहिल्याच रिंगला उचलला. ती मावशीच्या घरी होती, नुकतीच पोचली होती, आणि मी त्याच गावात आहे हे ऐकून इतक्या जोरात "क्या?" ओरडली की मागे कुणाचं तरी भांडं पडलं.

अर्ध्या तासात मी मावशीच्या स्वयंपाकघरात स्टुलावर बसून वाफाळते मोमो खात होते. सुनीता समोर. फोनवर वाटली त्यापेक्षा उंच, बूट अजून चिखलाने भरलेले. मी तिची माफी मागितली. सकाळच्या चार निरोपांबद्दल, जीपबद्दल, सरांच्या गुडघ्याबद्दल. आणि शेवटी म्हणाले, "पाचवा निरोपही चुकलाच. येत नाही म्हणाले आणि आले."

तिने मोमो खाली ठेवला आणि बोटांवर हिशोब करायला लागली. गणिताचीच शिक्षिका.

"मैडम, आपण येतेय म्हणाला असता, तर मी वरच थांबले असते. आपण पावणेपाचला उतरलात. अंधार पडायच्या आत. पण वर यायला गाडी नाही. म्हणजे आपण रात्रभर खाली, मी रात्रभर वर." तिने दोन्ही हात हवेत लांब धरून दाखवले. "आणि इंटरव्ह्यू खाली!"

ती खो खो हसत सुटली, मावशीही हसली, आणि मी हसता हसता डोळे पुसले. दिवसभराचं सगळं ओझं तिथे उतरलं. माझा अंदाज अगदी अचूक निघाला असता आणि त्या अचूक अंदाजापायी तिची चार वर्षं वाया गेली असती.

जेवणानंतर तिने मला एकोणीस मुलींची वही समजावून दिली. कोण भूमितीत कच्ची, कोण उत्तर येत असून हात वर करत नाही, कुणाला अंधाराची भीती वाटते. मग मी तिची मुलाखत घेतली. खोट काढण्याचं शिक्षण शेवटी कुठेतरी कामी यावं. "वर्गातली मुलगी म्हणाली, गणित शिकून काय उपयोग, तर काय सांगाल?" तिने पुस्तकी उत्तर दिलं, मी ते हाणून पाडलं. दुसरं दिलं, तेही पाडलं. चौथ्या वेळी ती चिडून म्हणाली, "तर मी तिला सांगेन, आज दुधाची गाडी मी वेळेचं गणित करूनच पकडली!" मी म्हटलं, हेच सांगा उद्या.

सकाळी ती मुलाखतीला गेली आणि मी त्याच दुधाच्या गाडीने रिकाम्या कॅनच्या शेजारी बसून वर गेले. तमांगसर काठी टेकत दारात उभे होते. मुलींनी चौथ्यांदा गणवेश घातले होते. सरांनी माझ्या गळ्यात पांढरा खादा, तिकडचं स्वागताचं उपरणं, घातला आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं, "मैडम, आता यापुढे अपडेट नाही ना?" मी नाही म्हटल्यावर सगळ्यात आधी स्वयंपाकीणबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

फेब्रुवारीच्या अखेरीस सुनीताचं निवडपत्र आलं. नेमणूक खालच्या बाजारातल्याच शाळेत मिळाली. दहावीच्या दोघी सोडून सगळ्या गणितात पास झाल्या. त्या दोघी पुढच्या खेपेला झाल्या.

खराडीत परतल्यावर मी आमच्या आठवड्याच्या स्टेटस रिपोर्टमध्ये एक नवा रकाना घातला. 'या आठवड्यात काय होणार नाही.' राजीवनी तो बघून कपाळाला हात लावला. क्लायंटला हे दाखवायचं? दाखवलं. दोन महिन्यांनी क्लायंटने कळवलं की रिपोर्टमधला तेवढाच भाग ते वाचतात, कारण त्यावरून त्यांना त्यांची कामं ठरवता येतात. आम्हाला मात्र तो रकाना भरणं शेवटपर्यंत जड गेलं. चांगली शिकलीसवरलेली, हुशार मुलं त्यात लिहून आणायची, 'प्रयत्न चालू आहेत.' मी ते कागद न वाचता परत पाठवायचे.